माहिती सगळ्यांची, विचारपूस कुणाची?

इंटरनेटमुळे माणसे सुखी झाली की दुःखी, हा प्रश्न गेली पंचवीस-तीस वर्षे विचारला जात आहे आणि त्याचे उत्तर देणारे बहुतेक जण लगेच तासांचा हिशेब मांडायला बसतात. दिवसातून किती वेळ मोबाइल हातात असतो, मुले किती वेळ स्क्रीनसमोर असतात, झोपण्यापूर्वी किती वेळ त्यात जातो, एवढे मोजले की निकाल लागला असे मानले जाते. मला हा हिशेबच अपुरा वाटतो. एखाद्याने फोनवर तासभर घालवला असे म्हटले, तर त्या तासात त्याने दूरदेशी राहणाऱ्या बहिणीशी मनसोक्त गप्पा मारल्या, की अनोळखी माणसांची भांडणे वाचत तो नुसता पडून राहिला, हे त्या आकड्यावरून कळत नाही. आणि सुखाच्या दृष्टीने पाहिले तर या दोन तासांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. इंटरनेटने आपल्या नात्यांचे नेमके काय केले हे समजून घ्यायचे असेल, तर घड्याळ बाजूला ठेवून दुसरीकडे पाहावे लागेल.

या विषयावरचा सुरुवातीच्या काळातला सर्वांत गाजलेला अभ्यास अमेरिकेतील पिट्सबर्ग शहरात झाला. कार्नेगी मेलन विद्यापीठातील रॉबर्ट क्राऊट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकाच्या मध्यावर, जेव्हा घरी इंटरनेट असणे हीच नवलाई होती तेव्हा, काही कुटुंबांना संगणक आणि इंटरनेटची जोडणी पुरवली आणि ७३ कुटुंबांतील १६९ व्यक्तींची पहिली एक-दोन वर्षे नोंद ठेवली. १९९८मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि खळबळ उडाली. ज्यांनी इंटरनेट अधिक वापरले, त्यांचे घरातल्या माणसांशी बोलणे थोडे कमी झाले होते, परिचितांचे वर्तुळ काहीसे आकसले होते आणि एकटेपणा व उदासी किंचित वाढली होती. विशेष म्हणजे ही माणसे इंटरनेटचा उपयोग मुख्यतः इतरांशी बोलण्यासाठीच करत होती. बोलण्याच्या साधनाने माणूस एकटा कसा पडतो, याचा उलगडा कुणालाच नीट होईना.

या गोष्टीचा पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. त्याच संशोधकांनी त्याच कुटुंबांकडे काही वर्षांनी पुन्हा पाहिले आणि २००२मध्ये प्रामाणिकपणे लिहिले की आधी दिसलेले बहुतेक वाईट परिणाम आता विरून गेले आहेत. नव्याने संगणक घेतलेल्या दुसऱ्या एका गटात तर परिणाम एकंदरीत चांगलेच दिसले. फक्त त्यात एक मेख होती. जे मुळात बोलके होते आणि ज्यांच्या पाठीशी माणसे होती, त्यांना इंटरनेटचा लाभ अधिक झाला. जे बुजरे होते, ज्यांना आधार थोडा होता, त्यांच्या वाट्याला तो तितकासा आला नाही.

या दोन निष्कर्षांमध्ये मला विरोध दिसत नाही. पहिल्या काळात इंटरनेटवर आपली माणसे जवळजवळ नव्हतीच. आई तिथे नव्हती, भाऊ नव्हता, शाळेतला मित्र नव्हता. जी माणसे भेटत ती परकी असत आणि त्यांच्याशी बोलण्यात गेलेला वेळ घरच्यांच्या वाट्यातून वजा होत असे. काही वर्षांनी आपली माणसेच तिथे आली आणि त्याच साधनाची चव पालटली. म्हणजे साधन तेच होते, फक्त त्याच्या दुसऱ्या टोकाला कोण आहे हे बदलले होते.

अलीकडच्या मोठ्या अभ्यासांनीही सरसकट भीतीला फारसा आधार दिलेला नाही. एमी ऑर्बेन आणि अँड्र्यू शिबिल्स्की यांनी २०१९मध्ये ३,५५,३५८ किशोरवयीन मुला-मुलींची माहिती तपासली, तेव्हा त्यांच्या मनःस्वास्थ्यातील फरकांपैकी जास्तीत जास्त ०.४ टक्के भागच डिजिटल साधनांच्या वापराशी जोडता येतो, असे आढळले. शिबिल्स्की यांनीच मॅटी वुओरे यांच्यासह २०२४मध्ये १६८ देशांतील माहितीच्या आधारे दाखवले की इंटरनेट उपलब्ध असणाऱ्यांचे समाधान, ते नसणाऱ्यांपेक्षा, बहुतेक मोजमापांत थोडे अधिकच असते. हे आकडे मी नाकारत नाही. पण सरासरीचा स्वभावच असा असतो की एकाचे भले आणि दुसऱ्याचे वाईट एकमेकांत मिसळून ती दोन्ही पुसून टाकते. रात्री दोनपर्यंत जागून, सोडून गेलेल्या जोडीदाराचे नवे फोटो पाहणारी मुलगी आणि रोज संध्याकाळी नातवाला गोष्ट सांगणारे आजोबा या दोघांची सरासरी काढली तर ती शून्याच्या आसपास येईल. त्या शून्याने मुलीचे दुःख कमी होत नाही आणि आजोबांचा आनंदही खोटा ठरत नाही.

नुसते पाहत बसणे आणि कुणाशी तरी बोलणे हा फरक संशोधकांच्याही लक्षात आला आहे. फिलिप व्हर्डाइन आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, फेसबुकवर काही न लिहिता, कुणाशी न बोलता फक्त इतरांचे पाहत राहिल्याने लोकांची मनःस्थिती खालावते आणि त्यामागे मत्सराचा भाग असतो, असे दिसले. पुढे सर्वच अभ्यासांना हे इतके स्वच्छ दिसले नाही, पण स्वतःच्या अनुभवाशी ताडून पाहणाऱ्या कुणालाही त्यात तथ्य वाटेल. माणूस स्वतःची किंमत इतरांशी तुलना करून ठरवतो आणि त्यासाठी शक्यतो आपल्यासारखीच माणसे निवडतो, हे लिऑन फेस्टिंगर या मानसशास्त्रज्ञाने १९५४मध्येच मांडले होते. म्हणूनच एखाद्या नटाचा बंगला पाहून आपल्याला काही होत नाही, पण एकाच बाकावर बसलेल्या वर्गमित्राची बढती मनाला लागते. पूर्वी अशी बढती वर्षातून एकदा कुणाच्या तरी लग्नात कळायची, आणि ती कळताना त्या मित्राचे पांढरे झालेले केस व थकलेला चेहराही समोर असायचा. आता बढती तेवढी कळते. फेब्रुवारी २००९मध्ये फेसबुकवर अंगठ्याचे चिन्ह आले, तेव्हापासून तर आपल्या आनंदाला इतरांनी किती दाद दिली याचा आकडाही त्याच्याखाली सगळ्यांना दिसेल असा छापला जाऊ लागला.

तरीही तुलना हे या गोष्टीतले सर्वांत मोठे नुकसान आहे असे मला वाटत नाही. तुलना बोचते, पण ती कळते तरी. दुसरे एक नुकसान असे आहे की ते होत असताना बरे वाटते, आणि म्हणून ते मला अधिक गंभीर वाटते.

बऱ्याच वर्षांनी माझी एक जुनी मैत्रीण घरी आली होती. मधल्या काळात आम्ही एकमेकींना इंटरनेटवर नियमित पाहत होतो. ती म्हणाली, "अगं, आम्ही घर बदललं." मी म्हणाले, "हो, फोटो पाहिले ना, छान आहे." मी माझ्या नोकरीचे काही सांगू लागले, तर ती म्हणाली, "हो हो, वाचलं होतं मी." मुलीचे शिक्षण, नवऱ्याची बदली, तिच्या भावाचे लग्न, माझा प्रवास, असे एकेक विषय निघत होते आणि "पाहिलं", "माहितीये" एवढ्यावर संपत होते. दहा-पंधरा मिनिटांत आमच्याकडे बोलण्यासारखे काही उरले नाही. दोघींनाही ते चमत्कारिक वाटले असावे, कारण थोडा वेळ गप्प बसून तीच म्हणाली, "घर का बदललं ते नाही ना माहीत तुला?" आणि मग तिने सांगितले, की सासूबाई कित्येक महिने अंथरुणावर होत्या, तिसऱ्या मजल्यावरून त्यांना खाली नेणे अशक्य झाले होते, प्रत्येक तपासणीच्या वेळी खुर्चीत बसवून चौघांनी त्यांना उतरवावे लागे, आणि म्हणून तळमजल्यावरचे, मनाला न पटलेले, जास्त भाड्याचे घर तिने घेतले होते. मी पाहिलेल्या फोटोत अंगणातली झाडे होती. त्या फोटोखाली आम्ही सगळ्यांनी अभिनंदन केले होते.

आपल्या माणसांबद्दल आपल्याला आज जितके माहीत असते तितके यापूर्वी कोणत्याच पिढीला माहीत नव्हते. कोण कुठे फिरायला गेले, कुणाच्या मुलाला किती गुण मिळाले, कुणी गाडी घेतली, कुणाच्या घरी पाहुणे आले, हे सारे आपल्यापर्यंत विनासायास पोहोचते. पण हे कळण्यासाठी पूर्वी जे करावे लागे, म्हणजे विचारावे लागे, पत्र लिहावे लागे, वाट वाकडी करून कुणाच्या घरी डोकावावे लागे, ते करण्याचे कारणच त्यामुळे नाहीसे झाले. "कसा आहेस?" हा प्रश्न आपण निव्वळ माहिती मिळवण्यासाठी कधीच विचारत नव्हतो. तो विचारला की समोरच्याला कळायचे, आपली कुणाला तरी आठवण झाली. आणि उत्तर देताना ठरवलेले नसतानाही काहीतरी खरे तोंडून बाहेर पडायचे. नाते त्या विचारण्यात आणि सांगण्यात जगत होते. खबर आयती मिळू लागली आणि विचारपूस थांबली, आणि खबर मिळते आहे म्हणून आपल्याला वाटत राहिले की संबंध टिकून आहेत.

हा बदल एका विशिष्ट रचनेमुळे अधिक पक्का झाला. फेसबुकच्या पहिल्या दिवसांत कुणाचे काय चालले आहे हे पाहायचे तर त्या व्यक्तीच्या पानावर मुद्दाम जावे लागे. सप्टेंबर २००६मध्ये कंपनीने सगळ्या मित्रांच्या हालचाली एकत्र करून त्यांची एकच यादी प्रत्येकाच्या समोर ठेवायला सुरुवात केली. तेव्हा वापरणाऱ्यांनी मोठा विरोध केला होता. आपल्या मागे कुणीतरी पाळत ठेवून आहे असे त्यांना वाटले. पुढे सगळ्यांना सवय झाली आणि जवळजवळ प्रत्येक समाजमाध्यमाने तीच पद्धत उचलली. माझ्या मते खाजगीपणाचा प्रश्न महत्त्वाचा होताच, पण त्याहून खोल गोष्ट वेगळी होती. कुणाच्या पानावर जाण्यासाठी आधी तो माणूस आपल्याला आठवावा लागत होता. यादी आल्यावर आठवण्याचे कामही आपल्या हातून गेले.

कुटुंबाच्या ग्रुपवर कुणाचा वाढदिवस असला म्हणजे हे अगदी जवळून पाहायला मिळते. सकाळी एक जण फुलांचे चित्र पाठवतो. त्याखाली दुसरा तेच शब्द लिहितो, तिसरा हात जोडलेले चिन्ह टाकतो, चौथा पहिल्याचेच चित्र पुढे पाठवतो. दुपारपर्यंत तीस-चाळीस संदेश जमा होतात. संध्याकाळी "सर्वांचे मनःपूर्वक आभार" असे एक उत्तर येते आणि प्रकरण संपते. ज्याचा वाढदिवस होता त्याचा दिवस कसा गेला हे त्या चाळिसांपैकी एकालाही ठाऊक नसते, आणि तरीही प्रत्येकाला आपण शुभेच्छा दिल्याचे समाधान असते. मृत्यूच्या बातमीखालीही हेच घडते, तेव्हा मात्र ते मला सहन होत नाही. "भावपूर्ण श्रद्धांजली" हे दोन शब्द एकाखाली एक उमटत जातात. ज्याच्या घरी माणूस गेले आहे तो ते वाचायच्या अवस्थेतही नसतो. आणि लिहिणाऱ्याला मात्र भेटून आल्यासारखे वाटते. पूर्वी जे भेटायला जायचे त्यांनाही तिथे काय बोलावे हे सुचत नसे. पण ते जाऊन बसत. त्या बसण्याला जे मोल होते ते ग्रुपवरच्या ओळीला कसे येणार?

माणसाला किती नाती सांभाळता येतात याचा विचार रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने केला आहे. त्यांच्या मते साधारण दीडशे माणसांशी आपण खऱ्या अर्थाने ओळख राखू शकतो आणि त्याच्या आत पन्नास, पंधरा आणि अगदी मध्यभागी पाच अशी वर्तुळे असतात. समाजमाध्यमांमुळे ही मर्यादा ओलांडली जाते का, हे त्यांनी २०१६मध्ये ब्रिटनमधील तीन हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून तपासले. इंटरनेटवरच्या मित्रांची सरासरी संख्या दीडशेच्याच आसपास भरली आणि त्यांतल्या किती जणांकडे संकटात धाव घेता येईल, असे विचारल्यावर उत्तर आले सुमारे चार. म्हणजे आतले वर्तुळ इंटरनेटने वाढवलेले नाही. बाहेरच्या वर्तुळातून निसटून गेली असती अशी माणसे मात्र त्याने नजरेच्या टप्प्यात ठेवली आहेत. ही गोष्ट चांगलीच आहे, फक्त त्यांच्या बातम्या ऐकण्यात आतल्या चौघांचा वेळ खर्ची पडतो आहे का, हे ज्याचे त्याने पाहायला हवे.

आवाजाबद्दल थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण लेखी संदेशांनी सर्वांत जास्त जागा त्याचीच घेतली आहे. विस्कॉन्सिन विद्यापीठातील लेस्ली सेल्ट्झर आणि सहकाऱ्यांचा २०१२मधला एक प्रयोग मला विलक्षण वाटतो. लहान मुलींना आधी लोकांसमोर बोलायला आणि गणिते सोडवायला लावून ताण दिला गेला. मग काही मुली आईला प्रत्यक्ष भेटल्या, काही फोनवर बोलल्या, काहींनी आईला संगणकावरून लेखी संदेश पाठवले आणि काहींचा कुणाशीच संपर्क होऊ दिला नाही. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींच्या शरीरात ताणाचे संप्रेरक उतरले आणि जवळिकीशी जोडले जाणारे ऑक्सिटोसिन वाढले. लेखी संदेश पाठवणाऱ्या मुलींची अवस्था मात्र, आईने तेच धीराचे शब्द लिहिलेले असूनही, कुणाशीच न बोललेल्या मुलींसारखी राहिली. प्रयोग छोटा होता आणि त्यावरून सगळ्या जगाचा नियम काढता येणार नाही, पण आईचे शब्द आणि आईचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हे शरीराला कळते, एवढे त्यातून नक्की दिसते.

मग आपण फोन का करत नाही? अमित कुमार आणि निकोलस एप्ली यांनी २०२१मध्ये याचा शोध घेतला. जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायचा असेल तर फोनवर बोलणे अवघड जाईल असे लोकांना आधी वाटत होते. प्रत्यक्षात जे बोलले त्यांना लिहिणाऱ्यांपेक्षा अधिक जवळीक वाटली आणि अवघडलेपण मात्र जास्त जाणवले नाही. ही भीती आता शिष्टाचारच होऊन बसली आहे. न विचारता फोन करणे उद्धटपणाचे मानले जाते, आधी "फोन केला तर चालेल का?" असा संदेश पाठवायचा, त्याचे उत्तर येईपर्यंत बोलण्याची इच्छा मावळते आणि मग जे सांगायचे होते ते चार ओळींत लिहून टाकले जाते. समोरच्याच्या वेळेचा मान राखावा हे मला मान्य आहे. पण जवळच्या माणसालाही परवानगी काढून हाक मारायची असेल, तर जवळची माणसे आणि कामाची माणसे यांत फरक काय राहिला, हे मला समजत नाही.

एका घरात राहणाऱ्या माणसांचे प्रश्न थोडे निराळे असतात. एलिझाबेथ डन यांच्या चमूने २०१८मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात तीनशेहून अधिक लोकांना मित्र किंवा कुटुंबीयांसोबत बाहेर जेवायला नेले. ज्यांचे फोन टेबलावर होते त्यांना त्या भेटीचा आनंद, फोन दूर ठेवलेल्यांपेक्षा, थोडा कमी मिळाला. फरक थोडाच होता, पण तो रोजच्या जेवणाला गुणून पाहावा. नवरा-बायकोंमध्ये याहून वाईट प्रकार आहे तो पहाऱ्याचा. "तू शेवटची कधी ऑनलाइन होतीस ते दिसलं मला", "निळ्या खुणा झाल्या होत्या, म्हणजे तू वाचलं होतंस, मग उत्तर का दिलं नाहीस?" अशी वाक्ये आता भांडणात सर्रास ऐकू येतात. व्हॉट्सअ‍ॅपने २०१४च्या नोव्हेंबरात त्या निळ्या खुणा आणल्या, त्याआधी संदेश वाचून थोडा वेळ विचार करण्याचा, किंवा कामाच्या गडबडीत तो तसाच राहू देण्याचा अधिकार माणसाला न मागता मिळालेला होता. खुणा बंद करण्याची सोय नंतर आली खरी, पण ती बंद केली की "लपवण्यासारखं काय आहे?" हा पुढचा प्रश्न तयार असतो. इथेही पुन्हा तेच घडते: माहिती हाताशी असते म्हणून माणसाला विचारण्याऐवजी खुणांवरून अर्थ लावला जातो, आणि मनात शंका असली की तो अर्थ वाईटच लागतो.

एवढे सगळे लिहूनही मी इंटरनेटच्या विरोधात आहे असे कुणी समजू नये. ज्यांच्यासाठी या जाळ्याने जगण्याची दारे उघडली त्यांचा विचार केला की त्याविषयी सरसकट तक्रार करण्याचा आपल्याला अधिकार नाही असेच मला वाटते. कर्णबधिर माणसांचे उदाहरण घ्या. ज्यांची मातृभाषा सांकेतिक भाषा आहे त्यांना टेलिफोनच्या शोधानंतर कित्येक दशके दूरच्या माणसाशी त्या भाषेत बोलताच येत नव्हते. १९६४मध्ये टेलिफोनच्या तारेवरून टंकलेला मजकूर पाठवण्याची युक्ती निघाली, पण तोही मजकूरच होता. हातांची, चेहऱ्याची, नजरेची ती भाषा घरोघरी दूरवर पोहोचली ती व्हिडिओ कॉलमुळे. दुर्मीळ आजार असलेल्या मुलाच्या आईला आसपास तसा दुसरा एकही रुग्ण माहीत नसतो; तिला जगाच्या दुसऱ्या कोपऱ्यातली, त्याच रात्री त्याच कारणासाठी जागी असलेली दुसरी आई सापडते. आपले वेगळेपण घरात बोलून दाखवण्याची ज्यांना सोय नाही, अशा तरुणांना आपल्यासारखे आणखी कुणी आहे हे प्रथम इथेच कळते. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३मध्ये दाखवून दिले होते की नोकरीची बातमी बहुधा जिवलग मित्रांपेक्षा तोंडओळखीच्या माणसांकडून येते, कारण जिवलगांना तेच ठाऊक असते जे आपल्याला ठाऊक असते. अशा तोंडओळखी टिकवण्याचे काम इंटरनेटइतके चांगले दुसरे कोणतेच साधन करत नाही. मायकेल रोझेनफेल्ड यांच्या पाहणीनुसार २०१७मध्ये अमेरिकेत जुळलेल्या स्त्री-पुरुष जोड्यांपैकी सुमारे ३९ टक्के जणांची पहिली भेट इंटरनेटवर झाली होती. ही सगळी खरी नाती आहेत. या प्रत्येक ठिकाणी एक माणूस दुसऱ्या एका माणसाला उद्देशून काहीतरी म्हणतो आहे, हे मला त्यांत महत्त्वाचे वाटते.

समाजमाध्यम पूर्ण सोडून दिले तर काय होते, याचेही उत्तर उपलब्ध आहे. हंट ऑलकॉट आणि सहकाऱ्यांनी २०१८मध्ये अमेरिकेतल्या काही लोकांना पैसे देऊन चार आठवडे फेसबुक बंद ठेवायला लावले आणि त्यांची तुलना न सोडणाऱ्यांशी केली. सोडणाऱ्यांचा दिवसाला सरासरी तासभर वाचला, त्यांतला काही वेळ टीव्हीपुढे आणि काही घरच्यांसोबत व मित्रांसोबत गेला. त्यांचे समाधान थोडे वाढले, राजकीय मतांची धार थोडी बोथट झाली आणि बातम्यांचे ज्ञानही कमी झाले. प्रयोग संपल्यावर त्यांतले बरेच जण आधीपेक्षा कमी वापर करू लागले. मला या निकालात दिलासा आहे तसा एक इशाराही दिसतो: माध्यम सोडल्याने वेळ मोकळा होतो, पण तो कुणासाठी वापरायचा हे आपोआप ठरत नाही. टीव्हीही त्या वेळेची वाट पाहतच असतो.

शेवटी ज्या गोष्टीची मला सर्वांत जास्त काळजी वाटते तिच्याकडे वळते. समोर येणाऱ्या यादीत कुणाची बातमी वर आणि कुणाची खाली हे गणिती सूत्रे ठरवतात, आणि त्या निवडीचा परिणाम मनावर होऊ शकतो हे फेसबुकच्याच संशोधकांनी दाखवून दिले आहे: २०१२च्या जानेवारीत त्यांनी ६,८९,००३ जणांच्या यादीत आठवडाभर फेरफार करून पाहिला, तेव्हा ज्यांच्यासमोरचा आनंदी मजकूर कमी केला ते स्वतःही किंचित कमी आनंदी शब्द लिहू लागले. परिणाम अगदी लहान होता. लोकांना स्पष्ट कल्पना न देता हे केले गेले म्हणून २०१४मध्ये निष्कर्ष बाहेर आल्यावर मोठी टीका झाली, आणि ती योग्यच होती. पण सूत्रे कशीही असली, अगदी प्रामाणिकपणे बनवलेली असली, तरी जो काहीच लिहीत नाही त्याला ती दाखवू शकत नाहीत. आणि गप्प कोण बसते? ज्याची नोकरी गेली तो. ज्याच्या घरात आजारपण आहे तो. घटस्फोटाच्या वाटेवर असलेली बहीण. निवृत्त झालेले शिक्षक, ज्यांना हे सगळे शिकायचा कंटाळा आहे. नेमकी ज्यांची चौकशी करायला हवी ती माणसे दिसेनाशी होतात, आणि यादी तर भरलेली असते, म्हणून कुणी कमी झाले आहे हे लक्षातही येत नाही.

म्हणून मी अलीकडे अधूनमधून फोनमधली नावांची यादी उघडते आणि त्यांत असे नाव शोधते जे बरेच दिवसांत मला कुठेही दिसलेले नाही. मग त्या व्यक्तीला सरळ फोन लावते. जवळजवळ प्रत्येक जण पहिल्यांदा विचारतो, "काही काम होतं का?" काम नव्हते हे पटायला त्यांना थोडा वेळ लागतो, आणि ते पटल्यावरच खरे बोलणे सुरू होते. काहींशी पाच मिनिटांत बोलणे संपते, तेही ठीक असते. एका दूरच्या मामांनी मला त्यांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेविषयी एवढे सविस्तर सांगितले की हे त्यांनी आधी कुणालाच सांगितले नसावे. काही नावांपुढचे नंबर बदललेले निघाले. त्यांतले दोन मला शाळेच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर विचारून मिळाले, एक समाजमाध्यमावर नाव शोधून मिळाला, आणि एका बाईंचा पत्ता अजून लागलेला नाही; त्यांच्या मुलीला मी तिथेच संदेश पाठवून ठेवला आहे.